तळघरातली दोन घड्याळं

आपल्या फोनमुळे धाकटीची नोकरी जाणार, हा घोर आईच्या मनातून काही केल्या हटत नव्हता. आठ दिवस तिने लेकीला फोन केला नव्हता, आणि लेकीचाही आला नव्हता.

धाकटी एका प्रयोगशाळेत कामाला होती. शेजारणीला सांगताना आई ‘संशोधन करते’ म्हणायची. धाकटी स्वतःला उंदरांची मोलकरीण म्हणवून घ्यायची. एकदा तिने आईला तिथे नेलं होतं. तळघरात दोन खोल्या. एकीत दिवा कधी विझत नसे. तिथे वीतभर उंचीची, बारीक पांढऱ्या फुलांची रोपं. दुसरीत मिट्ट काळोख. तिथे पिंजऱ्यांत उंदीर, प्रत्येकाला पळायला एकेक चाक. दाणापाणी धाकटी चाचपडतच करायची.

वर दिवस कलला, की उंदीर आपापल्या चाकावर चढत; काळोखात चाकांची नुसती घरघर ऐकू येई. त्याच सुमाराला पलीकडे रोपांची पानं हळूहळू वर उचलली जात. एकाला उजेड ठाऊक नाही, दुसऱ्याला अंधार, तरी संध्याकाळ दोघांनाही कळते! आईच्या अंगावर काटा आला.

“यांना सांगतं कोण गं?”

“कुणीच नाही. घड्याळ आतच असतं. दोघांच्या घड्याळांची घडण अगदी वेगळी, पण चालतात सारखीच. आणि तिसरं घड्याळ तू. साडेसहा झाले की तुझा फोन.”

मग ती गोष्ट घडली. काळोख्या खोलीत जाताना फोन बाहेर ठेवायचा नियम धाकटी विसरली, साडेसहाला आईचा फोन आला, खिशातल्या फोनचा पडदा लखलखला आणि चाळीस दिवस जपलेल्या काळोखावर पाणी पडलं. चूक माझीच, काय ते साहेब ठरवतील, एवढंच त्या रात्री आईला सांगून तिने फोन ठेवला होता.

आज कपड्यांच्या घड्या घालता घालता आईला धाकटीने तिथे दाखवलेला एक जुना कागद आठवला. उंदीर जितका वेळ चाकावर पळे, तितकी काळी रेघ त्यावर उमटे, रोजची एक. पूर्वी कधीतरी वायरमनच्या बॅटरीचा उजेड एका पिंजऱ्यावर पडला होता. दुसऱ्या दिवशी उंदीर तासभर उशिरा चाकावर चढला. पुढे रोज त्याच नव्या वेळेला, न चुकता. काळ्या रेघा नुसत्या सरकल्या होत्या, तुटल्या नव्हत्या. एवढासा जीव, पण केवढी त्याची चिकाटी!

तिचा हात आपसूक फोनकडे गेला. भिंतीवर पाहिलं, तर साडेसहा.

काळोख्या खोलीबाहेरच्या टेबलावर तारेचा फोन होता, त्याचा उजेड पडायची भीती नव्हती. त्याचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. नोकरी राहो की जावो, साडेसहाचा फोन चुकवायचा नाही, आणि आज तो तिथेच करायचा, तिने ठरवलं.