प्रेरणेच्या भिंतीकडे तोंड

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाओजींना, कारखान्यात सगळे 'पंप' म्हणतात. त्यांच्या केबिनबाहेरच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लांबलचक लिहिलंय, पण ती पाटी पुसणारासुद्धा तिला पंपाची पाटीच म्हणतो. आमचा कारखाना छताच्या पंख्यांचा. पंखे हवा देतात, भाओजी हवा भरतात. पंख्याला निदान बंद करायचं बटण असतं.

माणसांचा कामातला उत्साह टिकवणं ही त्यांची नोकरी. उत्साह पगारी माणूस ठेवून आणता येतो असं मालकांना वाटतं, आणि आपल्या पोतडीत तो भरपूर आहे असं भाओजींना. रोज सकाळी ते आम्हाला गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. कशाबद्दल, ते टाळ्या वाजवून झाल्यावर सांगतात. ज्याने जास्त काम केलं त्याचा फोटो भिंतीवर लागतो. मी चाचणी विभागात इंजिनीअर आहे. आमच्या विभागातल्या एकाचा फोटो असाच लागला होता. त्या दिवशी त्याचा मीटर बिघडला होता आणि सगळेच पंखे धडाधड पास होत होते.

घरीही हाच कारभार. फ्रिजवर, आरशावर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा जिद्द आणि यशाची वाक्यं चिकटवलेली. दूध उतू गेलं तर हे ओट्याजवळ येऊन विचारणार, यातून आपण काय शिकलो? "तुम्ही फडकं मारायला कधी शिकणार ते सांगा," असं माझ्या या मावसबहिणीने, ताईने, एकदा सुनावलं, तर म्हणाले, तुझ्यात नकारात्मकता आहे. स्वतः मात्र सुटीच्या दिवशी सोफ्यावर असे पसरतात की एखाद वेळी सोफा उठेल, हे उठणार नाहीत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग त्यांची नजर वाइंडिंग विभागावर गेली.

पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे भरावे लागतात. ते काम हाताचं, बारीक आणि मरणाचं कंटाळवाणं. आमच्याकडे ते एका लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसून चालायचं. बोटं तारेत, तोंडं गप्पांत. या टेबलाची राणी म्हणजे मावशी. कोणाची सख्खी मावशी नव्हे, साऱ्या कारखान्याची. मावशीचं तिच्या वरच्या मजल्यावरच्या बाईशी हाडवैर. ती बाई गॅलरीत कपडे न पिळता वाळत घालायची आणि मावशीच्या वाळलेल्या कपड्यांवर धार लागायची. वर नाक असं, की आमचे हे परदेशात फार मोठ्या हुद्द्यावर आहेत. या भांडणाचा रोज एक भाग मावशी टेबलावर सांगायची आणि ऐन रंगात आल्यावर थांबायची. पुढचा भाग उद्या. अंगात कणकण असलेल्या बायकासुद्धा कामाला यायच्या, कारण बादली कोणी फेकली ते कळायचं राहिलेलं असायचं.

भाओजींनी हे पाहिलं आणि त्यांना त्यात वेळेची गळती दिसली. त्यांनी ते लांब टेबल कापून घेतलं. प्रत्येकाला सुटं टेबल, शाळेसारख्या रांगा आणि सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. भिंतीला केशरी रंग दिला, वर मोठ्या अक्षरांत 'प्रेरणेची भिंत' लिहिलं आणि खाली सुविचारांच्या पाट्या ठोकल्या. त्यांतली एक होती: बोलण्याने एकाग्रता मोडते. सुपरवायझर ती पाटी राखायला छडी नसलेल्या मास्तरासारखा फिरायला लागला.

गप्पा मेल्या. मग माणसं जायला लागली. एक जण समोरच्या औषधांच्या दुकानात गेली, एक खोके बनवायच्या कारखान्यात. पगार तोच, कारण विचारलं की घरची अडचण. भाओजींनी यावर टाळ्यांचा वेळ वाढवला. मी त्यांना सरळ सांगितलं, की टेबल होतं तसं करा. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मशीनचा माणूस आहेस रे, मन हा वेगळा विषय आहे."

मालक मोजकं बोलतात. त्यांनी भाओजींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की वाइंडिंगमधून आणखी एक जरी माणूस गेलं तर त्याच्या मागून तुम्ही. आणि त्याच आठवड्यात मावशीने जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून ती येणार नाही.

ताईचा मला फोन आला. घर कसं चालेल ही काळजी होतीच, पण तिला त्याहून मोठी धास्ती होती. "अरे, नोकरी गेली तर हा माणूस दिवसभर घरात राहील," ती म्हणाली. "दिवसभर प्रेरणा. तू काहीतरी कर बाबा."

मला काही करावं लागलं नाही. मावशीला थांबवायला भाओजी चकचकीत प्रशस्तिपत्र घेऊन गेले, तिने ते तारेच्या रिळाखाली ठेवलं, रीळ डुगडुगत होतं म्हणून. हे मालकांच्या कानावर गेलं. त्यांनी हुकूम सोडला: आठवडाभर तुम्ही स्वतः वाइंडिंगला बसा. नुसतं बसायचं नाही, तार भरायची.

पहिल्या दिवशी भाओजी ताठ बसले. दुपारी पाठीला पोक आलं. दुसऱ्या दिवशी ते आपल्याच सुविचारांकडे असे बघत होते, जसं कोणी बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतं. बोटं चिरली होती. तार भरायची, वेढ्यांमध्ये कागद सारायचा, पुन्हा तार भरायची, आणि समोर केशरी भिंत सांगतेय की आजचा दिवस तुमचा आहे.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. अंधारात तार दिसेना, सुपरवायझर जनरेटरकडे पळाला. भाओजींच्या मागच्याच टेबलावरून मावशीचा आवाज आला. काल तिच्या नव्या चादरीवर पुन्हा धार लागली होती. तिने तीच चादर खांद्यावर टाकली, जिना चढली, बेल दाबून धरली. आतून त्या बाईचा आवाज आला, उघडू नका हो, उघडू नका. मावशी म्हणाली, "उघडू नका? मी म्हटलं, आत आहे तरी कोण? तेवढ्यात कडी वाजली, दार उघडलं, आणि बघते तर..."

दिवे लागले. मावशी गप्प झाली आणि तार भरायला लागली.

भाओजींनी थोडा वेळ कळ काढली. मग स्टूल गर्रकन फिरवलं. "मग? दार कोणी उघडलं?"

या माणसाने कारखान्यात विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

"साहेब, तोंड भिंतीकडे," मावशी म्हणाली. "बोलण्याने एकाग्रता मोडते. तुम्हीच ठोकलंय."

कितीतरी दिवसांनी तो विभाग हसला. भाओजी लाल झाले, पण स्टूल वळवेनात. "अहो मावशी, एवढंच सांगा."

"टेबलं जोडा, मग सांगते. आणि मग जातही नाही."

त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून टेबलं जोडून घेतली. मावशी राहिली, भाओजींची नोकरी राहिली. इथे एखाद्याने मान खाली घातली असती. भाओजींनी पुढच्या सकाळी आम्हाला गोल उभं केलं आणि 'समोरासमोर' या नव्या योजनेची घोषणा केली. म्हणाले, कामगारांमध्ये मिसळून त्यांनी सखोल अभ्यास केला आहे. मालकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या. भिंतीवर भाओजींचाच फोटो लागला. मावशी तेवढी टाळ्यांना थांबली नाही. "आमचंच टेबल मोडलं, आम्हालाच बक्षीस म्हणून परत दिलं," म्हणत ती कामाला बसली.

पुढचा भाग तिने त्या दिवशी सांगितला. दार उघडलं होतं ते परदेशातल्या मोठ्या हुद्द्यावरच्या नवऱ्याने. अंगावर बायकोचा गाऊन आणि हातात न पिळलेला टॉवेल. कामावरून काढल्यापासून तो घरातच लपून धुणी धूत होता.

पण हे सांगून होतंय तोवर भाओजी येताना दिसले आणि मावशीने तोंड मिटलं. त्यांना सांगायचं कबूल केलं होतं खरं, ते रोज विचारतात, रोज ती म्हणते, "सांगते की, आधी काम." मलाही विचारून झालं. मी म्हटलं, मी मशीनचा माणूस.

ताईला मात्र मी सगळं सांगितलंय. गाऊन ऐकून ती हसता हसता एकदम थांबली, सोफ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यांना धुणं तरी कुठे येतं."