फळ्यावरची सांगली गाडी

रहिमतपूर आणि औंधच्या मधल्या आमच्या गावात वाचनालयाबाहेर एक फळा होता. नव्वदीतली गोष्ट. बातमी कुणीही आणायची, चुकली असेल तर कुणीही खोडायची. अट एकच, बातमीखाली आधार हवा. ‘आधार: रेडिओ, सकाळच्या बातम्या.’ ‘आधार: स्वतः पाहिले, बैल अजून विहिरीतच आहे.’

फळ्याचे मालक सुभेदार काका. फौजेतून परतले आणि वाचनालय चालवू लागले. आधार नसलेली बातमी ते ओल्या फडक्यानं पुसायचे आणि लिहिणाऱ्याचा खडू कायमचा काढून घ्यायचे. दहावीनंतरच्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर लिहायचा खडू माझ्या हातात दिला. फळ्यावर लिहिणारी गावातली पहिली मुलगी मी! आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. जेवताना बोटांचा खडूसुद्धा मी धुवत नव्हते, आई ओरडायची.

त्या उन्हाळ्यात ताईचे दिवस भरत आले होते. ती सांगलीला. तिच्याकडे जायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या, आणि आईला गाडी लागायची. एक दिवस औंध गाडीचा ड्रायव्हर चहा पिताना म्हणाला, “हितनं सांगलीला थेट गाडी सोडली तर लय भरून जाईल बघा.”

मी धावतच फळ्याकडे गेले. काका साताऱ्याला मिलिटरी कँटीनमधून सामान आणायला गेले होते. मी झोकात लिहिलं, ‘सांगलीला थेट एसटी सुरू होणार.’ नुसतं तेवढं बरं दिसेना, म्हणून ‘सोमवारपासून’ जोडलं. ते फारच छान दिसलं. आधाराची जागा मोकळीच राहिली.

संध्याकाळी काका चष्मा पुसत उभे. “रिपोर्ट कुणी दिला?”

“हाय की आधार. देते.”

“परवापत्तूर दे. न्हाईतर खडू आण.”

तिसऱ्या दिवशी सांगलीचा पेपर आला आणि आत चार ओळींत माझी गाडी! छापलेली! ‘आमच्या वार्ताहराकडून.’ मी वाचनालयातच गिरकी मारली, बाकावर आपटले, तरी हसतच होते. म्हणजे मला आतून खरंच कळलं होतं! ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आधार: सांगलीचे वर्तमानपत्र.’ काकांनी पेपर दोनदा वाचला आणि मान हलवली.

सोमवारी सगळं गाव स्टँडवर. हार, नारळ, पिपाणी. आई नव्या लुगड्यात, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. शेजारणींना सांगत होती, “माझ्या लेकीनं आणली गाडी.” मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच सगळ्यांना पाणी वाटत सुटले.

तेवढ्यात लुनावरून कोरेगावचा वार्ताहर आला. मी मोठ्या ऐटीत विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितली बातमी?”

“अगं, तुमच्याच फळ्यावर हुती की!”

आधी मला हसू फुटलं. माझी बातमी कोरेगावमार्गे सांगलीला जाऊन माझ्याचकडे आधार म्हणून परत आली होती. मग आईचा डबा दिसला आणि हसू विरलं. गप्प बसले असते तर गावानं एसटीलाच शिव्या दिल्या असत्या, आणि खडू माझ्याकडेच राहिला असता. तो विचार मी केला, खोटं कशाला सांगू.

आईजवळ जाऊन म्हटलं, “गाडी न्हाई येणार. मीच बनवली हुती.” तिनं पदर सावरला. मग डबा उचलून औंधच्या गाडीकडे चालू लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी फळ्याकडे जाऊन लिहिलं, ‘सांगली गाडीची बातमी खोटी आहे.’ खाली लिहिलं, ‘आधार: बातमी मीच रचली.’ मागे काका उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी खडू दिला, डोळे भरून आले होते.

ते फळ्याजवळ गेले, माझ्या ओळीखाली सावकाश लिहिलं, ‘तपासले. बरोबर.’ आणि खडू परत माझ्या हातात ठेवला.