सुरमईवरची पाचवी टिकली

बुधवारी सकाळी मीनावहिनीचा फोन आला. "विजूभावजी, हे उठत नाहीयेत..." एवढंच. मी लालबागहून काळाचौकीला पोचलो तोवर डॉक्टर येऊन, मान हलवून गेले होते. माझा दोस्त बाळा कॉटवर, आणि कॉटला लागून असलेल्या टेबलावर आमची लढाई जशीच्या तशी मांडलेली. त्याची सुरमई, तिच्या मागे मांदेल्यांचा घोळका, समोर माझा दुधी, बाजूला पडवळ. सगळी कागदाची अंतराळयानं. खरं सांगतो, मला रडू आलं नाही. राग आला. गदागदा हलवून विचारावंसं वाटलं की साल्या, माझा आकडा काढायचा राहिलाय, तू मध्येच उठून गेलास कसा? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी बोलू नये. मी बोलणार.

आदल्या रविवारी मी त्याच्या सुरमईला बरोबर कोंडीत पकडलं होतं. पट्टी लावून अंतर मोजून झालं, नेम बसला, आता फक्त हौजीच्या पिशवीतून आकडा काढायचा होता. मी पिशवीत हात घातला आणि हा म्हणतो, "थांब रे विज्या. आकडा पुढच्या रविवारी काढ. सुरमईक आठवडाभर जगू दे." चाळीसेक वर्षांत या माणसानं डाव कधी पुढे ढकलला नव्हता. अंगात ताप असताना खेळलाय, घरात पाहुणे असताना खेळलाय. मी विचारलं, काय होतंय? तर छाती चोळत म्हणाला, "गॅस झालो हा. ओवा खाल्लंय." ओवा! मखराचा कागद सुतभर तिरका कापला गेला तर अख्खा ताव फेकून देणारा हा माणूस, आणि स्वतःच्या छातीवर ओवा! वहिनी डॉक्टरकडे चला म्हणून दोन दिवस मागे लागली होती. तर उत्तर काय, कारखान्यातली घाई संपू दे. ती संपली नाही, हाच संपला.

बाळा काळाचौकीतच एका कारखान्यात गणपतीची मखरं करायचा. शाळेत आम्ही एका बाकावर. सोनेरी पुठ्ठ्याचे, चांदी कागदाचे उरलेले तुकडे तो घरी आणायचा, रिकाम्या रिफिलनं घडीच्या रेघा पाडायचा, खळ लावून चिकटवायचा आणि बघता बघता वीतभर लांबीचं यान उभं राहायचं. नुसतं शोभेचं नाही. त्या यानांची लढाई व्हायची, आणि लढाईचे सगळे नियम त्याच्या डोक्यातून आलेले. मोठं यान जागच्या जागी वळणार नाही, डबलडेकर वळते तसं लांबून वळण घेणार. छोटं चपळ, पण मार खाऊ शकणार नाही. फासे नकोत, ते शकुनीचे, म्हणून चाळीतल्या हौजीचे आकडे. पन्नासच्या वर आकडा आला की मार लागला. मार लागला की यानावर एक टिकली चिकटवायची. टिकल्या वहिनीच्या. ती ओरडायची, "माझी पाकिटं संपवतात मेले!" आणि स्वतःच नवं पाकीट बिस्किटाच्या डब्यात आणून ठेवायची. मोठ्या यानावर पाच टिकल्या झाल्या की ते गेलं. नावं अर्थात त्यानंच ठेवली. हा मालवणचा, म्हणून त्याचे मासे. मी साताऱ्याचा, म्हणून माझ्या नशिबी भाज्या. माझ्या दुधीला मार लागला की टेबलावर थाप मारून बोंबलायचा, "शिजलो रे दुधी!" शेजारच्या खोलीतली म्हातारी दचकून उठायची. तिनं कितीदा शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

पण त्याचा खरा नियम एकच, बाकीचे तो दर महिन्याला बदलायचा. गेलेलं यान मालकानं स्वतःच्या हातानं फाडायचं. ठेवायचं नाही, डागडुजी करायची नाही. पहिल्यांदा माझं कारलं गेलं तेव्हा मी फाडेना. इतकं सुरेख झालं होतं ते, अंगावर एकेक काटा चिकटवलेला. मी म्हटलं, राहू दे रे, कपाटावर ठेवतो. तर असा भडकला की काय सांगू! "मूर्ती पाण्यात सोडतोस ना? मग मखर माळ्यावर ठेवून काय करतोस? धूळ खात पडतं, नि पुढच्या वर्षी नवीन करायला हात उठत नाही. फाड म्हणतो ना!" फाडलं. आठवड्यात त्यानं नवं कारलं आणून समोर ठेवलं, पहिल्यापेक्षा जास्त काटे असलेलं. तेव्हापासून आम्ही शेकड्यांनी यानं फाडली असतील. म्हणून आज त्याच्या घरात त्याचं जुनं काही सापडत नाही. जे टेबलावर होतं तेवढंच.

आता निलेशबद्दल. निलेश म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी बाळानं त्याला हात जोडून विचारलं होतं, मंडळाच्या ऑफिसात रविवारी टेबल मांडू का, चाळीतल्या चार लोकांना खेळ शिकवतो. हा हसला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काका, पन्नाशी उलटली, आता तरी पोरखेळ सोडा." बाळा घरी येऊन पुठ्ठा कापत बसला. आणि हाच निलेश बाळाच्या तेराव्याला भलाथोरला फ्लेक्स लावतो, त्यावर काय लिहितो, तर 'अंतराळ कलामहर्षी'! वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी एक टेबल दिलं नाही रे तुम्ही त्याला. मेल्यावर महर्षी?

गेल्या रविवारी मी वहिनीकडे बसलो होतो. टेबल तिनं हलवू दिलं नव्हतं, रोज फक्त फुंकर घालून धूळ उडवायची. गावाहून आलेली बाळाची आत्या अजून मुक्कामाला होती. तिनं आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर वहिनीच्या कपाळाची टिकली काढायला लावली. तेव्हाच मला बोलायचं होतं, पण वहिनीनं डोळ्यांनी गप्प केलं. तेवढ्यात निलेश आला, मागून दोघं काचेची पेटी घेऊन. "काकू, सगळी जहाजं फेविकॉलनं आत फिक्स करू. मंडळाच्या ऑफिसात ठेवू, वरून लाइट सोडू. काकांची आठवण." असं म्हणत त्यानं सुरमई उचलायला हात पुढे केला.

मी ओरडलोच. "हात लावू नकोस! डाव चालू आहे!"

"दादा, आता कसला डाव... काका गेले ना."

"तो गेला. सुरमई गेलेली नाही. चार टिकल्या आहेत तिच्यावर, चार! नि माझा आकडा बाकी आहे. चिकटवायची कसली आठवण रे? त्यानं जन्मभर एक कपटा ठेवला नाही, नि तू त्याला काचेत कोंबतोस?" आणखी बरंच काही बोललो, ते तुमच्या पेपरच्या पुरवणीत छापता येणार नाही.

वहिनी उठली. मला वाटलं, आता मलाच बाहेर काढते. तिनं टेबलाखालची हौजीची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. "काढा भावजी."

मी काढला. बहात्तर.

वहिनीनं बिस्किटाचा डबा उघडला, टिकल्यांचं पाकीट काढलं. पहिली टिकली आत्याच्या समोर स्वतःच्या कपाळाला लावली. "अगो मीना..." आत्या म्हणाली. "आत्यानू, तुम्ही गप ऱ्हवा," वहिनी म्हणाली. दुसरी टिकली तिनं सुरमईवर लावली, शेपटीशी, जिथे जागा उरली होती तिथे. पाच झाल्या. मालकानं फाडायचं असतं. तिनं सुरमई हातात घेतली, एकदा उलटीसुलटी करून पाहिली आणि मधोमध, घडीच्या रेघेवर, फाडली.

"अहो काकू, आठवण होती ती!" निलेश.

"माझी आठवण मी बघून घेईन. तू तुझी काच घेऊन जा."

तो गेला. आत्या तोंड फिरवून आत गेली. मी उठायला लागलो, मला वाटलं संपलं. तर वहिनी बाळाच्या स्टुलावर बसली. इतकी वर्षं चहा ठेवायला वाकायची तेवढीच ती या टेबलाशी आलेली. पण पट्टी कशी धरायची ते तिला ठाऊक होतं. एक मांदेली तिनं हळूच पुढे सरकवली, दुधीच्या कुशीशी नेली, अंतर मोजलं. पिशवीत हात घातला. एक्याऐंशी. माझ्या दुधीवर तिनं टिकली चिकटवली. मग टेबलावर थाप मारली, अगदी हलकी, ऐकूही न येणारी... आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "शिजलो रे दुधी."

टर्न माझा होता. मला टेबलावरचं काही दिसत नव्हतं, ना मांदेल्या, ना पडवळ. वहिनी पदरानं डोळे पुसत थांबली, मग पट्टी माझ्याकडे सरकवली.

"खेळा, भावजी."