कुठे म्हणून विचारायचं नाही

जगात सगळ्यांत जास्त प्रवास करून सगळ्यांत कमी ठिकाणी पोचलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी बेधडक माझ्या मेव्हणीच्या मुलाकडे बोट दाखवीन. दहा वर्षं तो अमेरिकेत बेसबॉल खेळला, आणि तोही छंद म्हणून नव्हे, पगार घेऊन. या दहा वर्षांत तो नक्की कोणत्या संघात, कोणत्या गावात आणि कोणत्या पायरीवर आहे, हे आमच्या खानदानात एकालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. माझा गोंधळ तर अजूनही पुरता निस्तरलेला नाही.

तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. माझं बालपण पुण्यात क्रिकेट बघण्यात गेलं, त्यामुळे गोलंदाजाने दिवसभर घाम गाळावा अशी माझी साधी समजूत. हा गृहस्थ सामना संपत आला की मैदानात यायचा, दोन-तीन जणांना चेंडू टाकायचा आणि जाऊन बसायचा. बऱ्याचदा तेवढंही नाही. कुंपणापलीकडे नुसता हात गरम करत राहायचा आणि तिकडे सामना आटोपायचा. "आज खेळलास का रे?" असं फोनवर विचारलं की म्हणायचा, "नो काका, बट आय वॉज रेडी." आचाऱ्याने तेल तापवून बसावं आणि पंगतच बसू नये, तसलं हे करिअर. पण पठ्ठ्याची तक्रार नाही.

खालच्या लीगच्या चार पायऱ्या, आणि त्यांच्यावर ती एकच मोठी लीग, जिचे सामने टीव्हीवर दिसतात. एक फोन आला की हा वरच्या पायरीवर, दुसरा आला की खाली. फोन कधी येईल याचा नेम नसल्यामुळे तो बॅग गाडीतून कधीच काढत नसे. सामान घरात घेतलं की फोन येत नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. टेक्सासात, प्लेनोला आमच्याकडे राहायला आला की आंघोळीनंतर टॉवेलवर ड्राइव्हवेत जाऊन डिकीतून शर्ट काढायचा. समोरच्या बाईंनी आमच्याकडे बघून हात हलवणं त्यामुळेच बंद केलं. मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर पाय द्यायचा नाही, हाही त्याचा नियम. तो दिवाळीत आमच्या रांगोळीलाही लागू होता. ती ओलांडताना तो एवढी लांब उडी मारायचा की बायको आधी पणत्या बाजूला करायची. आणि चेंडू फेकायचा तो डावा हात म्हणजे दागिना! त्या हाताने बरणीचं झाकण उघडणं नाही, पिशवी उचलणं नाही. प्रसाद मात्र नेमका तोच हात पुढे करून घ्यायचा.

पण या सगळ्या वेडांवर कडी केली त्याच्या आईने. सुरुवातीच्या काळात तो एकदा घरातून निघाला असताना ती दारात बोलून गेली, "कुठे रे आता, कुठल्या गावी?" त्याच आठवड्यात त्याच्या कोपरातलं लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रिया झाली, वर्ष फुकट गेलं. निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं आणि आपणच विसरलो, हे तिच्या मनाला फार लागलं. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोत बसून पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या बाईने त्या दिवसापासून फर्मान काढलं. "भाऊजी, त्याला कुठे चाललास म्हणून कुणी विचारायचं नाही. नेटवर शोधायचंही नाही, तेही विचारणंच झालं. एकदाच मोठ्या मैदानात त्याला बघायचंय मला, मग देवाकडे काही मागणार नाही." मुलालाही हे फारच पटलं. तोही आधी कुणाला काही सांगेनासा झाला.

मग काय, आनंदीआनंद. आमच्या बायकोने गणपतीत केलेल्या चकल्या ज्या गावी पाठवल्या ते गाव त्याने नऊ दिवसांपूर्वी सोडलेलं. तिथल्या संघाने त्या खाल्ल्या आणि अजून पाठवा म्हणून निरोप धाडला.

एका जून महिन्यात सुट्टी म्हणून तो आमच्याकडे जेवायला आला होता. दुपारी त्याला फोन आला. अंगणात जाऊन बोलला, आत आला, चहा प्यायला आणि "निघतो, काका" म्हणाला. दारात बुटाची लेस बांधली. सोडली. पुन्हा बांधली. माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा वाकला. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. मी तो गिळला आणि वर स्वतःवरच खूश झालो.

चार दिवसांनी तो परत आला. सोफ्यावर बसून म्हणाला, "आय पिच्ड, काका. वर. मोठ्या लीगमध्ये." तीन जणांना चेंडू टाकले, दोघं बाद, एक मात्र निसटून पहिल्या बेसवर पोचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली रवानगी. मी ओरडलोच, "अरे, सांगायचं नाही का!" तो हळूच म्हणाला, "यू डिडन्ट आस्क. तीनदा लेस बांधली मी. गेटवर दोन तिकिटं ठेवली होती, आईच्या नावाने. जस्ट इन केस."

आईला फोन त्यानेच केला. ती एवढंच म्हणाली, "हात दुखत नाही ना रे?"

पुन्हा तसा फोन आला नाही. पुढच्या वर्षी संघाने त्याला मोकळं केलं. आता तो इथेच प्लेनोत मुलांना चेंडू फेकायला शिकवतो, बॅग कपाटात असते आणि रविवारी आमच्याकडे जेवतो. तो उठला की मी मुद्दाम दारापर्यंत जातो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारतो, "कुठे चाललास रे?" त्या दुपारी विचारायला हवं होतं, हे मला दर वेळी वाटतं.

"घरी, काका," तो हसून म्हणतो. मग वाकून लेस बांधतो. एकदाच.