अप्पांचा पडदा आणि रोहतांगचा बर्फ

१९९८च्या उन्हाळ्यात मी मनालीला गेलो, त्याला कारण एक नवरी. कोडोलीत आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोटो स्टुडिओ होता. मागच्या भिंतीवर कापडी पडदा, त्यावर रंगवलेले बर्फाचे डोंगर आणि निळंशार तळं. निम्म्या पन्हाळा तालुक्यातली जोडपी त्या डोंगरासमोर उभी राहून गेली असतील. ही नवरी मात्र पडद्याकडं बघून नवऱ्याला म्हणाली, "अवो, डोंगराचं पोपडं निघाल्यात की."

अप्पा त्या दिवशी धड जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "खरा बर्फाचा डोंगर फोटोत धरून आण. मोठा करून भितीला लावू. माझं गुडघं काय तिकडं जाऊ देत न्हाईत, पर मला बघायचा हाय त्यो."

सोबत बाळ्या आला. बाळ्या माझा शाळेपासूनचा मित्र, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सुट्टी मिळेना, तर चुलत्याला आजारी पाडून आला. आईनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिशवीभर भडंग बांधून दिलं. कोल्हापूर ते दिल्ली रेल्वे, पुढं हिमाचलची सरकारी बस. भाकरी दिल्लीपर्यंत पुरली, चटणी मनालीपर्यंत. जाणार असाल तर चटणी जास्तच न्या, कारण तिथला राजमा-भात पोटभर असतो पण झणझणीतपणाच्या नावानं बोंब.

खरं सांगतो, पहिले दोन दिवस मला फोटोच काढता येईना. डोंगर काढायला मी शिकलो ते मसाईच्या पठारावर आणि गगनबावड्याच्या घाटात. आपला डोंगर सुरीनं कापल्यासारखा सपाट. त्याच्या डोक्यावर उभं राहायचं आणि खाली बघायचं. एकामागं एक रांगा, लांबची रांग फिकट होत जाते, त्यामुळं किती लांब ते कळतं. मनालीत सगळं उलटं. आपण खाली, डोंगर वर, आणि मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी कॅमेऱ्यात मावत नाही. हवा इतकी स्वच्छ की लांबचं शिखर हाताशी वाटतं. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "वो? दो दिन पैदल का रास्ता है, भाईसाब."

चहाच्या टपरीवरच्या बाईनं माझी धडपड बघून विचारलं, "आपके यहाँ पहाड़ नहीं होते क्या?"

बाळ्याला ते लागलं. "होते हैं की! पर हमारे पहाड़ का डोका सपाट है."

बाई हसत सुटली. चहाचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

तिसऱ्या दिवशी जीप ठरवून रोहतांगला गेलो. वाटेत कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरू करा. वर पोचलो. चहूकडं पांढरं. अप्पांच्या पडद्यावरच्या रंगाऱ्यानं बर्फ कधी बघितला नसणार, तरी त्यानं काढलेला उतार अगदी तसाच होता. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं आलं असं मी बाळ्याला सांगितलं.

मग कॅमेरा काढला. अप्पांची शिकवण हाडात मुरलेली. 'काळ्या कातळावर उजेड मोजायचं मीटर फसतंय. त्याला वाटतंय अंधार हाय, आन् जादा उजेड घेतंय. म्हणून मीटर सांगंल त्यापरीस उजेडाचं एक घर कमी घ्यायचं.' मी न चुकता प्रत्येक फोटोला एक घर कमी घेतलं. चांगले दोन रोल संपवले, तिसऱ्यातला एक फोटो तेवढा उरला.

घरी आलो. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणून मनालीहून आणलेली हिमाचली टोपी अप्पांना घातली आणि म्हटलं, पडद्यासमोर उभे राहा. आयुष्यभर लोकांना 'हनुवटी खाली, हसा जरा' सांगणारा माणूस तिथं कधी उभाच राहिला नव्हता. लाइट त्यांनीच लावून दिले आणि खांबासारखे ताठ उभे राहिले.

कोल्हापुरातून फोटो धुऊन आले. अप्पांनी पाकीट स्वतः उघडलं. एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"ह्यो बर्फ हाय व्हय? बाळ्याच्या फौंड्रीतली राख वाटतीया."

सगळाच्या सगळा बर्फ करडा, मळका. अप्पांनी त्यातला एक पुन्हा उजेडात धरला.

"एक घर कमी घेतलंस?"

"व्हय."

"पांढऱ्यावर मीटर उलटं फसतंय, लेका. ते आधीच उजेड कमी घेतंय, आन् तू आनखी कमी घेतलास. जादा घ्यायचा हुता." मग हळूच म्हणाले, "तुझी चूक न्हाय. मी जल्मभर काळाच डोंगर बघितला. काळ्याचंच शिकिवलं."

मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा प्रवास करून त्यांना पाहिजे होती ती एकच गोष्ट मी आणली नव्हती. पुढच्या वर्षी परत जातो म्हटलं, तर ते शेवटचा फोटो बघत बसले होते. टोपी घातलेले अप्पा, आणि मागं पडद्यावरचा बर्फ पांढराशुभ्र. पोपडे दिसतसुद्धा नव्हते.

"ह्यो बरा आलाय," म्हणाले. तोच मोठा करून त्यांनी स्टुडिओच्या दारात लावला.

पुढची वर्षं नोकरी-संसारात गेली. अप्पा वारले, तोवर मी परत रोहतांगला गेलोच नव्हतो. गेलो ते त्यानंतर, गेल्या वर्षी, डिजिटल कॅमेरा घेऊन. बर्फावर एक घर जास्त घेतलं. पांढरेशुभ्र फोटो आले, शेकड्यांनी, सगळे कॉम्प्युटरात आहेत. दाखवायचे ज्याला होते तो माणूस नाही, हे अजून खातं मनाला.

स्टुडिओ आता बंद आहे. दारातला तो फोटो माझ्या हॉलमध्ये टांगलाय. येणारा-जाणारा विचारतो, "वडील मनालीला गेलते व्हय?"

मी सांगतो, "न्हाय. मनाली कोडोलीला आलती."