चित्रातली माझी माय काय मागत होती

अशी जवळ ये गं पोरी. सख्खी नात तू, अन् दारातूनच "आजी, बरी हायस का" विचारून पळतेस, ही काय रीत झाली? बस. मालकाच्या त्या चित्राचं मागं विचारलं होतंस. आज सांगते.

नाक घासायला लावलं मला. अंगणात, पाहुण्यांसमोर. दहा वर्षांची असंन मी. निजामाचं राज्य होतं. मालकाचं अंगण झाडायचं काम आमच्या घरावर होतं. त्या दिवशी मालकानं ओसरीत खुर्चीवर एक मोठं रंगीत चित्र ठेवलं होतं. जवळा बाजार गावातला बाजाराचा रस्ता. शहरातला चितारी महिनाभर त्याच्याकडं राहून काढून गेला होता. हुबेहूब. गुळाच्या ढेपीवर माश्या, बैलाच्या तोंडाला फेस, धुळीत बसलेली कासारीण. अन् मधोमध माझी माय. तळवे जुळवून पुढं केलेले, मान वर.

मालक पाहुण्याला म्हणाला, "अंगावर धड लुगडं न्हाई, पण चेहऱ्यावरची भक्ती बघा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक, ती देवाला हात जोडून न्हाई राहिली. पाणी मागून राहिली."

हसले सगळे. "आता झाडूवाली आमाला चित्र शिकवणार."

चित्र काढलं त्या दिवशी मी होते ना तिथं. मोळी विकायला माय अन् मी गेलो होतो. रांजणाला आमी शिवायचं न्हाई. दुकानापुढं ओंजळ धरायची, दुकानदार वरून ओतंल तवा प्यायचं. त्यानं तांब्या उचलला, तेवढ्यात चितारी म्हणाला, "थांबा. ओतू नका. बाई, हात तसेच ठेव." तो मालकाचा पाहुणा. कोण ओतणार? ऊन कलेपर्यंत माय तशीच उभी. घरी आली ती तापानं फणफणत. तिसऱ्या दिवशी गेली.

चिताऱ्यानं माश्या रंगवल्या. तांब्या तेवढा रंगवला न्हाई.

हे सगळं मी त्या अंगणात बोलले. मालक लाल झाला. "नाक घास. अन् म्हण, माय देवाला हात जोडून राहिली."

नाक घासलं. बापाला बोलावलं होतं. तो माझ्याच पाया पडू लागला. "म्हण गं बाई. झोपडं उठवतील. कुठं जायचं आपण?"

रगत ओठावर आलं. ओठ उघडले न्हाई. माय तहानेनं मेली, एवढं एकच माझ्याजवळ होतं. तेबी देऊन टाकायचं?

झोपडं उठवलं. पुसेगावाकडं बाभळीखाली राहिलो. बाप मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला न्हाई. त्याला बोल लावत न्हाई मी. पण त्यांच्या अंगणाचा झाडू पुन्हा धरला न्हाई.

चित्र अजून त्यांच्या बैठकीत हाय म्हणतात. खाली पट्टी लावलीय, 'भाविक स्त्री'. दुकानाच्या पाट्या बघून बघून मी अक्षरं शिकले, मोठेपणी, एकटीनं. ती पट्टी मी वाचणार. अन् तिथंच उभी राहून सांगणार, या बाईला पाणी दिलं न्हाई म्हणून. हाकलू देत. पुन्हा जाईन.

तू परत लवकर ये बाई. येत्या बाजाराच्या दिवशी जायचं हाय मला तिथं, त्याच्या आधीच ये. डोळे जाऊन राहिले माझे, गाडीपर्यंत हात धरायला कुणीतरी लागतं.