भिंतीपलीकडचं दळण

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. त्यात नोकरी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीतल्या एका फार्मा प्लांटमध्ये, व्हॅलिडेशनची... म्हणजे मशीन नीट चालतंय असं कुणीही म्हटलं तरी विश्वास ठेवायचा नाही, याचाच पगार. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल. मीही हसलो असतो.

२०२०. आई कराडहून माझ्याकडे आली आणि विमानं बंद झाली. त्यातच तिकडे बाबा गेले. हार्ट अटॅक. शेजाऱ्यांनी मोबाईल धरला आणि आम्ही मायलेकांनी कॉर्कच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांना अग्नी दिलेला पाहिला. आई रडली नाही. बोलायचीही थांबली. ताट पुढे केलं की दोन घास, बस्स. आता हीपण जाते की काय, या भीतीने माझी झोप उडाली.

मोकळी हवा मिळेल म्हणून मी गावाबाहेर घर भाड्याने घेतलं. जुनी पाणचक्की आणि तिला चिकटलेलं चक्कीवाल्याचं घर. चक्की तीन मजली, घर दुमजली, मध्ये एकच दगडी भिंत, चांगली हातभर जाड. आमच्या स्वयंपाकघरातून त्या भिंतीत एक लाकडी झडप होती — चक्कीवाल्याला जेवता जेवता दळणावर नजर ठेवता यावी म्हणून. आता चाक कुजून गेलेलं, पाटात पाण्याऐवजी झुडपं. मालक पॅट, सत्तरीचा म्हातारा. म्हणाला, "भिंतीची काळजी नको, शी इज ग्रँड!" इकडे ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक'; भिंतही ग्रँड आणि पाऊसही ग्रँड.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये होतो. खालून आईचा आवाज आला.

"अवि... आत दळाण चाललंय बघ."

इतक्या दिवसांनी आई बोलली! मी धावत खाली गेलो. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. मी तळवा टेकवला. भिंत थरथरत होती, आतून घरघर येत होती. ओट्यावरच्या फुलपात्रातलं पाणीसुद्धा हलत होतं.

ट्रॅक्टर असेल, म्हटलं. किल्ली घेऊन चक्कीत शिरलो. कबुतरांची घाण, ताडपत्रीखाली गप्प पडलेल्या दगडी पाळ्या. त्याच भिंतीला त्या बाजूने हात लावला. थंडगार, निश्चल. पळत घरात आलो... थरथर चालूच!

"जातं रिकामं फिरतंय रं," आई म्हणाली. "रिकामं फिरवू नये. घास घाल त्याला."

मी काय वाद घालणार? मूठभर तांदूळ दिले. आईने झडप उघडून ते आत सोडले आणि गाऊ लागली, घोगऱ्या आवाजात —

दळण दळिते, पीठ पडे भुईवरी
धनी माझा गेला, मी गं परक्या घरी

ती श्वास घ्यायला थांबली. आणि झडपेतून तोच सूर पुढे गेला... शब्द नव्हते. पण बाईचा आवाज. जात्यावर समोर बसलेली सोबतीण ओवी उचलते ना, तसा.

आईने हंबरडा फोडला. मी तिला कवटाळून रडलो. वर लॅपटॉपवर मीटिंग तशीच चालू होती, चालू दे म्हटलं!

त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली, वर आमटी खारट झाली म्हणून मला झापलं. पुढे रोज दुपारी ती त्या भिंतीशी बसायची. कधी आवाज यायचा, कधी नाही. पॅटला विचारलं तर तो खांदे उडवून हवामानावर बोलू लागला. पंप, पाइप, जमीन, सगळं तपासलं. शोकातला भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा?

२०२१ मध्ये बाबांच्या वर्षश्राद्धासाठी आई परत गेली. ती गेली त्या दिवसापासून भिंत गप्प आहे. मी पाठ लावून बसून पाहिलं. कान लावून पाहिलं. एकदा तर बेसूर गाऊनही पाहिलं, लाज सोडून. काही नाही. त्या भल्यामोठ्या दगडी घरात मी एकटा.

आईचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला.

"ती बाई हाय न्हवं रं तिथं? आवाज येतो?"

"येतो ना, आई. रोज येतो."

"मग बरं," ती म्हणते. "तुला सोबत हाय म्हणून मला हिकडं झोप लागती."